जाणाऱ्यासाठी फिरवलेलं ताट

चिहोला इंग्रजी शिकायला फिलिपिन्समधल्या बाकोलोदला येऊन सात आठवडे झाले होते, आणि तिच्या वहीत व्याकरणापेक्षा इथल्या माणसांच्याच नोंदी जास्त होत्या. जॉसलिन मॅडमनी सांगितलं होतं, रोज एक वाक्य लिहायचं, जे दिसेल ते. ‘इथे जेवताना समोरून कोणीही गेलं की त्याला जेवायला बोलावतात. तो नको म्हणतो. तरी बोलावतात.’ ‘जेवण चालू असताना कोणी उठून बाहेर निघालं, तर बाकीच्यांनी आपापलं ताट गोल फिरवायचं, म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो.’ या दुसऱ्या वाक्याखाली मॅडमनी लाल शाईने शाबासकी दिली होती. पोरगी जपानची, नाकासमोर चालणारी. नियम सांगावा आणि तिने तो पाळावा. म्हणूनच त्या दुपारी जे झालं ते तिच्या हातून व्हावं, याचं नवल वाटतं.

ती राहायची नाय पारिंगकडे; ‘नाय’ म्हणजे इथल्या बोलीत आई. नाय पारिंग सत्तरीची, एकटी, तीन मुलींना खोल्या भाड्याने देणारी, तोंडाने तिखट पण हाताला भारी चव. बाकीच्या दोघी पोरी सुटीला गावी गेल्या होत्या. तीन गल्ल्या पलीकडे नाय पारिंगची थोरली बहीण, मानांग म्हणजे ताई कोन्सिंग, पाच दिवसांपूर्वी वारली होती. शवपेटी घरातच होती, उद्या सकाळी दफन. अख्खी आळी जाऊन आली. सख्खी बहीण तेवढी गेली नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी त्यांची आई शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा पाद्रींना आणायला कोन्सिंग धावली. धावली कसली, डावा पाय लहानपणापासून फरफटत चालणारी ती. पाद्री आले तोवर आई गेली होती. पारिंगने चारचौघांत सुनावलं, “तुझा हा लंगडा पाय पुन्हा माझ्या उंबऱ्याच्या आत नको.” तो आला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं या घराचं झालं होतं.

“इंदाय, पोरी, फुलं घेऊन तू जाऊन ये,” नाय पारिंग चिहोला म्हणाली. “माझं नाव नको काढू.”

“पण नाय, मी त्यांना ओळखत नाही.”

“पेटीतलं माणूस काय तुझी परीक्षा घेणार आहे? जा. आणि नीट ऐक. परत येताना सरळ घरी यायचं नाही. पावाच्या दुकानात थांब, काहीतरी खा, दोन माणसांशी बोल, मग ये. नाहीतर मेलेलं माणूस पाठोपाठ घरी येतं.”

तिकडे अंगणात इथल्या मयताच्या रीतीप्रमाणे पत्ते रंगले होते, कॉफीचे पेले फिरत होते. चिहोने पेटीच्या काचेतून पाहिलं. आत जणू नाय पारिंगच झोपली होती, फक्त ओठ रंगवलेले. तिने फुलं ठेवली, घरच्या सवयीने वाकून नमस्कार केला आणि निघाली.

पावाचं दुकान बंद होतं. दुकानदार तिकडेच पत्ते कुटत बसला होता. चार वाजता तोंडी परीक्षा, आणि उशिराची चिहोला मरणाची भीती. तिला जपानकडचा तोडगा आठवला: मयताहून आलं की घरात शिरण्याआधी दारातच अंगावर मीठ टाकायचं. ती सरळ घरी आली, स्वयंपाकघरातून चिमूटभर मीठ घेतलं, पुन्हा दाराबाहेर जाऊन खांद्यांवर टाकलं आणि आत आली.

नाय पारिंगने टेबलावर तळलेली केळी आणि नारळाच्या दुधातला चिकट भात मांडला होता. ताटं जुनी, काठावर एकेक लाल कोंबडा. दोघी खायला बसल्या. तेवढ्यात बोळातून पावलं वाजली. मागच्या दाराने शेजारीण येत असेल असं समजून नाय पारिंग वर न बघताच म्हणाली, “ये गं, खाऊन घे.” आणि तिसरं ताट काढून भात वाढला.

कोणी ‘नको’ म्हणालं नाही. आत कोणी आलंही नाही. समोरची खुर्ची मात्र जमिनीवरून करकरत मागे सरली आणि थांबली.

नाय पारिंगचा घास हातातच राहिला.

“पाव खाल्लास ना?”

“दुकान बंद होतं. पण मी मीठ टाकलं, नाय. दारातच टाकलं.”

“मीठ कुठून घेतलंस?”

“स्वयंपाकघरा...” चिहोच्या लक्षात आलं. हे म्हणजे वरातीमागून घोडं. मीठ घ्यायला ती आधी आत आली होती, आणि एकटी आली नव्हती. तिला रडू फुटलं. “माझं चुकलं, नाय. मीच आणलं त्यांना.”

म्हातारीने त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. भातावरची वाफ वर न जाता खुर्चीकडे ओढली जात होती.

“रडू नकोस. तू आणलंस, पण बोलावलं मीच,” नाय पारिंग म्हणाली. मग खुर्चीला म्हणाली, “अकरा वर्षं लागली होय गं तुला तीन गल्ल्या यायला? पाय दुखतोय का अजून?”

म्हातारीचे डोळे भरून आले.

“मी बोलायला नको होतं तसं, मानांग. तुझ्यात जेवढं बळ होतं तेवढी तू धावलीस. मला दिसत होतं ते. उद्या तुला नेतील आणि मी इथे केळी तळत बसेन, हे बरं नव्हे.” तिने झग्याला हात पुसले, चपला पायात सरकवल्या. “चल, मी येते तुझ्याबरोबर.”

“नाय, तुमचं खाणं...”

“राहू दे.” आणि ती निघालीच.

चिहोला नियम आठवला. तिने आपलं ताट गोल फिरवलं, नाय पारिंग सुखरूप पोचावी म्हणून.

टेबलापलीकडे घासल्याचा आवाज झाला. तिसरं ताट सावकाश फिरत होतं. काठावरचा लाल कोंबडा पूर्ण चक्कर मारून पुन्हा चिहोकडे तोंड करून थांबला. मग खुर्ची सरकली, आणि एक पाऊल टेकत, एक फरफटत, चाल दाराकडे गेली. उंबऱ्याशी ती जराशी अडखळली, मग ओलांडून नाय पारिंगच्या मागे गेली.

चिहो टेबलाशी एकटीच उरली होती. तिने आपलं ताट पुन्हा एकदा फिरवलं.