वाचले, समजले

पेटंटच्या मसुद्याचं पहिलंच पान उघडलं आणि उत्कर्षा काळभोरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. संशोधकाच्या रकान्यात एकच नाव होतं, तिच्या टीमच्या प्रमुखाचं, अनिरुद्ध सरांचं. तिचंही नाव होतं, नाही असं नाही. शेवटी, पुराव्याच्या कागदांच्या यादीत, सरांच्या वहीच्या सत्तेचाळिसाव्या पानापुढे: साक्षीदार.

साक्षीदार! बाळंतपण हिनं सोसायचं आणि दाखल्यावर शेजारीण म्हणून सही करायची, त्यातलाच हा प्रकार.

पुण्यात खराडीतल्या तिच्या कंपनीत कॉम्प्युटरच्या मेमरी चिपचं डिझाइन व्हायचं. चिपमध्ये माहितीचे कप्पे पुष्कळ, पण ये-जा करायला रस्ता एकच. आत येणारी माहिती पुढे सरकल्याशिवाय बाहेर जाणारी सोडायची नाही, नाहीतर टक्कर. म्हणून सगळ्याच कप्प्यांना सारखाच वेळ थांबवून ठेवत. ते थांबणं डोळ्याची पापणी लवण्याच्याही कितीतरी आतलं, पण चिपचा वेग नेमका तिथंच मरायचा. दोन वर्षं सगळी टीम त्यावर डोकं आपटत होती. तोड सापडली ती उत्कर्षाला. लांबच्या कप्प्याला थांबवायचंच कशाला? त्याला आधी सोडा, त्यातली माहिती पोचेपर्यंत रस्ता मोकळा झालेला असतो. थांबवायचं ते जवळच्याला.

ही अक्कल तिला कुठल्या पुस्तकानं दिली नव्हती. तिच्या वडिलांचा, बजरंगअण्णांचा, टेम्पो मार्केट यार्डात कांदा घेऊन जायचा, आणि शाळेच्या सुट्टीत ती केबिनमध्ये बसून सगळं बघायची. फाटक एकच. पण फाटकावरचा माणूस मोठा हुशार. आत येणारी गाडी अजून फाटकातच असायची, तेवढ्यात तो अगदी शेवटच्या गाळ्यावरच्या रिकाम्या टेम्पोला निघायची हाक मारायचा.

फेब्रुवारीत तिनं हे टीमला बोर्डावर आकृती काढून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सर आपली वही घेऊन तिच्या टेबलाशी आले. कंपनीची पद्धतच होती ती. नवी कल्पना बांधीव वहीत हातानं लिहायची, खाली लिहिणाऱ्यानं सही करायची आणि शेजारी दुसऱ्या कुणीतरी 'वाचले, समजले' अशी साक्ष द्यायची.

"मी सगळं लिहून काढलंय. तू फक्त इथं सही कर," सर म्हणाले.

तिनं केली. चांगली आनंदानं केली, आता आठवून चीड येते ती त्याचीच! तिच्या गावात, लोणी काळभोरात, साक्षीला बोलावणं म्हणजे मान. गावातल्या कुठल्याही खरेदीखताला बजरंगअण्णांची सही हवीच. पोरीला वाटलं, सरांनी आपल्याला तसाच मान दिला.

मसुदा हातात घेऊन ती तडक सरांच्या केबिनमध्ये गेली.

"अगं, रेकॉर्डवर जे आहे तेच जातं," सर म्हणाले. आवाज कसा साखरेत घोळलेला. "वहीत हँडरायटिंग माझं आहे, विटनेस तू आहेस. विटनेस इन्व्हेंटर कसा असेल? प्रोसेस आहे ही, पर्सनली घेऊ नकोस. पुढच्या वेळी बघू."

बघू म्हणे! दोन वर्षांत या गृहस्थांनी बघण्यापलीकडे केलं काय होतं?

संध्याकाळी घरी तिनं अण्णांपुढे सगळं ओकून टाकलं. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच विचारलं, "सही करायच्या आधी वाचलं व्हतंस का?"

तिनं नजर दुसरीकडे वळवली.

"म्हंजी न्हाई. चाळीस वर्सं सह्या करतोय मी, पोरी. एकदा चष्मा घरी ऱ्हायला तर रजिस्टर ऑफिसच्या दारातनं माघारी आलो, पण न वाचता सही केली न्हाई. त्यानं चोरी केली, ती केलीच. पण कडी तू लावली न्हवतीस."

तिला अण्णांचाही राग आला. खरं बोलल्याचा राग फार वाईट असतो.

सकाळी ऑफिसात जाऊन तिनं ते सत्तेचाळिसावं पान आयुष्यात पहिल्यांदा वाचलं आणि कपाळावर हात मारला. सरांनी उलटं लिहिलं होतं! जवळचा कप्पा आधी सोडायचा, लांबचा थांबवायचा. मसुद्यातही तेच उतरलं होतं. चोरायचं तर निदान नीट तरी चोरावं माणसानं!

गुरुवारी पेटंटच्या वकील सुनीतीबाई आल्या. बाई साठीच्या, फिजिक्स शिकून वकिलीत आलेल्या, आणि मोजकं बोलणाऱ्या. साक्षीदार म्हणून उत्कर्षालाही बोलावलं होतं.

"एक शंका आहे," बाई म्हणाल्या. "जवळचा आधी सोडला, तर तो रस्ता मोकळा व्हायच्या आत येऊन धडकेल. मग आपण नक्की काय शोधलंय?"

सरांनी पान उलटलं, पुन्हा सुलटलं. घोटभर पाणी प्यायले. "उत्कर्षा, तू मॅडमना जरा डिटेलमध्ये सांग ना."

"मी कशी सांगणार, सर? मी साक्षीदार."

"अगं, पण तुला माहितीये ना सगळं!"

"साक्षीदारानं फक्त सहीबद्दल बोलायचं असतं." तिनं वही बाईंपुढे सरकवली. "सही माझीच आहे. पण 'वाचले' हे खोटं आहे. मी न वाचता सही केली, त्याची मला लाज वाटते. तेही लिहून घ्या. वाचलं असतं तर ही चूक तिथंच पकडली असती. बोर्डावर मी बरोबर सांगितलं होतं, अख्ख्या टीमसमोर."

"हे आपण बाहेर बोलू," सर घाईनं म्हणाले.

"बाहेर कशाला? मला आपण आतच बोलावलंत ना?" सुनीतीबाईंनी मसुद्यातल्या त्या एकुलत्या नावापुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं. "ज्याला सांगता येतं, त्यानं उठावं."

उत्कर्षा उठली. बोर्डावर आकृती काढून सात मिनिटांत तिनं सगळं सांगितलं. मग वहीचं कोरं पान उघडून तेच आपल्या हातानं लिहिलं, तारीख घातली, सही केली, आणि वही सरांपुढे ठेवली.

"वाचा, सर. नीट वाचा. समजलं तरच सही करा." तिनं पानाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. "इथं. साक्षीदाराच्या जागी."