वैभवच्या पेटीतली चित्रांची पुस्तकं

कॅम्पात माणूस मेला, की त्याची पेटी त्याच्या गावचा माणूस आवरतो. सौदीतल्या तबूकच्या त्या मजुरांच्या कॅम्पात वैभवच्या गावचा एकटा गुणाजी सुतार, तेव्हा ते काम त्याच्याच नशिबी आलं. घरी काय पाठवायचं आणि काय नाही, हे त्यानेच ठरवायचं. मेलेल्याची लाज झाकायची, अशी रीत.

वैभव सातव्या मजल्यावरून पडला होता. कंपनीने कागद काढला: मयताने सेफ्टी बेल्ट लावला नव्हता, चूक त्याचीच. त्याची बायको अमिता फोनवर एकच धोशा लावून होती, "काका, ते असे बेफिकीर नव्हते. काहीतरी लिहिलेलं असेल, बघा."

शुक्रवारी सकाळी गुणाजीने पेटी उपसली. डायरी झाडली, पाकीट उलटं केलं, उशीची खोळसुद्धा उसवली. बेल्टबद्दल एक अक्षर नाही. तळाशी मात्र ती मेली चित्रांची पुस्तकं निघाली.

जुनी, पिवळी पडलेली, अमेरिकन. परदेशी इंजिनियरांचे बंगले पाडताना वैभवला मिळालेली. वरच्याच चित्रात एक बाप्या बाईचा गळा आवळतोय, आणि बाईच्या अंगावर धड कपडा नाही. वैभव हौसेने सांगायचा, "काका, सत्तर वर्षांपूर्वी या गुन्ह्यांच्या कॉमिक्सनी पोरं बिघडतात म्हणून तिकडच्या आईबापांनी शाळेच्या आवारात होळी केली यांची. सरकारने चौकशी बसवली." गुणाजी म्हणायचा, "शहाणे होते ते आईबाप."

आणि आता हे वैभवच्या आईच्या, सरूबाईच्या हाती पडणार? ती माउली लेकाचा सदरा उराशी धरायला पेटी उघडणार, आणि वर हे! शिवाय विमानतळावर कुणी ते चित्र पाहिलं तर पेटीच काय, मयतही अडकेल, ही गुणाजीला धास्ती. आतलं पान उघडायचीही त्याला शरम वाटली. मेसमागच्या पिंपात त्याने सगळी घातली, डिझेल ओतलं आणि काडी लावली. जुना कागद, भक्कन पेटला. पोराचं नाव राखलं म्हणून गुणाजीला खरंच बरं वाटलं.

दुपारी अमिताचा फोन आला. "सापडलं काही?"

"नाय बाय. डायरी कोरीच."

"डायरीत नसेलच. रूम-चेकिंगला कंपनीची माणसं ती वाचतात म्हणून ते त्या खुनाच्या कॉमिक्समध्ये लिहीत होते, पानांच्या कडेला. कुठल्या तारखेला तुटका बेल्ट दिला, कुणाला सांगितलं, सगळं. आज त्यांचे जुने व्हॉइस मेसेज परत ऐकले, तेव्हा कळलं. ती पुस्तकं लाजेने कुणी उघडत नाही, म्हणाले. आहेत ना ती, काका?"

गुणाजी फोन कानाला लावूनच पिंपापाशी गेला. आत राख होती आणि काळ्या पडलेल्या पिना. खोटं बोलावं असं त्याच्या मनात आलं, पण जीभ वळेना.

"मी जाळली, बाय. सरूबाईच्या नजरेस पडू नयेत म्हणून."

पलीकडे अमिताच्या हातून कुणीतरी फोन घेतला. मग सरूबाईचाच आवाज आला, अगदी बारीक.

"अरे गुणाजी, ती त्याने मला फोनवर कधीच दाखवली होती. मायलेक हसलो होतो आम्ही."