माझा पारा आणि डबल डिग्रीची मुलाखत

मी एक जुना पारा आहे, मित्रांनो. रक्तदाब मोजायच्या यंत्रातला. माणसाचा पारा चढला की लोक बाजूला होतात. माझा चढला की जवळ येऊन, वाकून बघतात.

मला काचेच्या नळीत भरणारा कारागीर मोठा काटेकोर होता. मी शून्याच्या रेघेवर बरोबर टेकेपर्यंत त्याने मला सोडलं नाही. नळीवर दोन-दोनच्या अंतराने बारीक रेघा कोरल्या होत्या. त्या रेघांचा मला भारी अभिमान. गर्विष्ठ म्हणा हवं तर!

मग मी रुग्णालयात आलो. काम साधं होतं. रोग्याच्या दंडाला पट्टा गुंडाळायचा, रबरी फुगा दाबून मला वर चढवायचं आणि हवा सोडत सावकाश खाली आणायचं. स्टेथोस्कोपमधून ठोका ऐकू आला ती वरची रेघ, ठोका बंद झाला ती खालची. "या यंत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवा," असं डॉक्टर म्हणायचे तेव्हा मी खूश व्हायचो.

पण डॉक्टर मंडळींना एक खोड असते. मी एकशे छत्तीसवर असलो तरी ती बिनदिक्कत एकशे चाळीस म्हणतात. शून्याने संपणारा आकडा तोंडात पटकन बसतो ना! अहो, मग त्या बिचाऱ्या कारागिराने रेघा कोरल्या कशाला? माझा नुसता जळफळाट व्हायचा.

पुढे बटण दाबताच टुंईटुंई करणारी यंत्रं आली आणि माझी रवानगी कपाटात झाली, कापसाच्या खोक्यांमागे. मला बाहेर काढायचं ते फक्त मुलाखतींच्या दिवशी. विभागाच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांचा दंडकच होता. निवासी डॉक्टरची जागा हवी असेल त्याने त्यांच्यासमोर, माझ्याच नळीवर, खऱ्याखुऱ्या रोग्याचा रक्तदाब मोजून दाखवायचा. "कागदावर सगळेच हुशार असतात," असं त्या म्हणायच्या.

मित्रांनो, माझी शेवटची मुलाखत मी विसरूच शकत नाही. त्या दिवशी एकच जागा उरली होती. दारापाशी एक मुलगी उभी होती. बरोबरीचे तिला 'डबल डिग्री' म्हणून चिडवत होते. डॉक्टर झाल्यावर तिला कुठेच निवासी डॉक्टरची जागा मिळाली नव्हती. आणखी एक पदवी घे, मग नाही म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही, असं चार जणांनी सांगितलं, म्हणून तिने सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली. आताही जागा हुकली तर रोगी तपासणं सोडून एखाद्या कचेरीत टेबलावर बसायचं, असं तिने ठरवलं होतं.

तिला वाढवणारी मावशी बाकावरून म्हणाली, "आता तरी घेतील ना गं? नाहीतर पदव्या लावायला भिंत पुरायची नाही."

"मावशी, आत्ता नको ना!" मुलगी पुटपुटली.

ती आत आली. मोठ्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला. "ही दुसरी पदवी कशासाठी घेतलीत?"

"जागा मिळाली नाही म्हणून, मॅडम. गोडी नंतर लागली."

बाईंच्या शेजारी मुलाखत घ्यायला बसलेले तरुण सर हसले. बाई हसल्या नाहीत. "प्रबंध कशावर लिहिलात?"

"डॉक्टर रक्तदाबाचे आकडे गोल करून लिहितात, त्या सवयीवर."

माझ्या अंगावर रोमांचच उभे राहिले! इतक्या वर्षांनी माझं दुखणं ओळखणारं कुणीतरी भेटलं होतं. तिने सगळं भराभर समजावून सांगितलं. गोल आकड्यामुळे कुणाची गोळी उगाच वाढते, कुणाची वाढायची राहते. तरुण सर मान डोलावत होते.

मग रोग्याला बोलावलं. म्हातारे शिंपीकाका जिना चढून धापा टाकतच आले. तिने लगेच पट्टा गुंडाळला. मी चढलो आणि उतरू लागलो. ठोका लागला तेव्हा मी एकशे छत्तीसवर होतो, थांबला तेव्हा शहाऐंशीवर.

"एकशे चाळीस, नव्वद," ती म्हणाली.

अरे देवा! पोरी, तूसुद्धा?

"मग काय कराल?" तरुण सरांनी विचारलं.

"गोळी वाढवावी लागेल."

"छान," सर म्हणाले. बाईंनी पेन उचललं. "ठीक आहे, या तुम्ही."

ती उठली, दारापर्यंत गेली. तिने कडीवर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली. मी ओरडू शकत असतो तर नळी फुटेपर्यंत ओरडलो असतो. सरांना तिचं उत्तर पटलं होतं. गप्प राहिली असती तर जागा बहुधा तिचीच होती.

ती मागे वळली. "मॅडम, मी चुकीचा आकडा सांगितला. गोल करून सांगितला. मला पुन्हा मोजायचंय."

"बाहेर उमेदवार खोळंबलेत!" बाई कडाडल्या.

"पाच मिनिटं द्या, मॅडम. काकांना आधी शांत बसू द्यायला हवं होतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. काकांचा श्वास हळूहळू खाली बसला. ती त्यांचा हात टेबलावर नीट टेकवून बसून राहिली. तिच्या कपाळावरचा घाम गालावर आला, पण तिने तो पुसला नाही. मग तिने फुगा दाबला आणि मी चढलो. आयुष्यात इतका सावकाश कधी उतरलो नसेन.

"एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी. गोळी वाढवायची नाही."

"वाचलो बाई!" काका म्हणाले. "मागे गोळी वाढवली, तर चक्कर येऊन हातातल्या कात्रीसकट शिलाई मशीनवर आडवा झालो होतो."

बाईंनी तिला बाहेर बसवलं आणि उरलेल्या मुलाखती उरकल्या. मग तिला परत बोलावलं. "दुसऱ्या पदवीने मी दबत नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्या नावावर काट मारायला मी पेन उचललं होतं. एका पदवीवाल्याला ही चूक माफ केली असती, याच चुकीवर प्रबंध लिहिणाऱ्या तुला नसती केली. पण तू दारातून परत फिरलीस. सोमवारपासून ये."

बाहेर मावशीने तिला मिठीच मारली. दार उघडंच होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं. "त्या दुसऱ्या पदवीनेच जागा मिळाली ना?"

"तिच्यामुळे जवळजवळ गेलीच होती, मावशी."

"मग काय उपयोग झाला मेलीचा?"

मुलगी हसली आणि मग रडलीच. "मी चुकले, हे तिच्यामुळेच कळलं."

मित्रांनो, आता मला इथून नेणार आहेत. पारा विषारी असतो, हे खरंच आहे. कुठे माझ्यासारखा पारा सांडलेला दिसला तर खेळायला हात लावू नका, मोठ्यांना हाक मारा. माझी तक्रार नाही. फक्त एक मागणं आहे. मोजाल ते नीट मोजा, आणि चुकलात तर दारातूनसुद्धा परत फिरा. समोरचे रागावतील. रागावू देत. तुम्ही पुन्हा मोजा.