तसबिरीमागची चिवचिव

मित्रांनो, मी एक जुनी तसबीर आहे. सागवानी चौकट, वर काच, आत मक्केचं रंगीत चित्र. बिबवेवाडीतल्या एका बैठ्या घरात दादामियाँनी मला टांगलं, तेव्हा तसबिरी भिंतीला सपाट बसवत नसत. वरून दोरी बांधून जरा पुढे झुकवत. त्या तिरप्या सांदीत चिमण्या घर करत.

दादामियाँ मार्केट यार्डात धान्याच्या गाळ्यावर कामाला होते. घरी आले, की ते अंगणात पायजम्याची दुमड झटकत. ज्वारीचे दाणे पडत आणि चिमण्यांची झुंबड उडे. माझ्यामागे, ट्यूबलाइटवर, पंख्याच्या वाटीत, जिकडेतिकडे काड्या! त्यांची बायको कमरजहां वैतागायची, "अहो, भाडं तरी घ्या यांच्याकडून!"

मग धान्य बंद पिशव्यांतून येऊ लागलं. अंगणात फरशी आली. आसपासची झुडपं गेली, तशा पिल्लांना भरवायच्या अळ्याही गेल्या. शेजारच्या घरांतल्या तसबिरी भिंतीला चिकटल्या. चिमण्या कमी होत गेल्या, पण इतक्या हळूहळू, की कुणाच्या लक्षातच आलं नाही. कबुतरं तेवढी वाढली. दादामियाँ गेले, तेव्हा आमच्याकडे चिमण्यांची एकच जोडी उरली होती.

त्यांची सून जैनब. तिच्या तान्ह्या लेकीला सारखी धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, कबुतरांची घाण घरात येऊ देऊ नका. जैनबची झोपच उडाली. तिने पाखरं आत यायची त्या झरोक्याला बारीक जाळी ठोकायला माणूस बोलावला.

"अगं, चिवचिव ऐकू येतेय," म्हातारी कमरजहां म्हणाली.

"बाहेरून येतेय, अम्मी." जैनबने बंद खिडकीच्या काचेतून पाहिलं. माझ्यामागे मात्र पाहिलं नाही.

जाळी बसली. थोड्याच वेळात चिमणी आली. चोचीत अळी. जाळीवर आपटली, मागे गेली, पुन्हा आपटली. जैनबला वाटलं, कबुतरंच फडफडताहेत. तिने आतून टाळ्या वाजवून हाकललं. माझ्यामागे तीन चोची उघड्या होत्या. मी काय करणार? मला ना हात, ना आवाज.

दुसऱ्या दिवशी चिवचिव बारीक झाली. मग थांबली. पुढे वास येऊ लागला, तेव्हा जैनबने मला भिंतीवरून काढलं. मागे काड्यांत तीन मेलेली पिल्लं होती.

"अम्मी, मी माझ्या लेकरासाठी केलं हो!"

"त्या चिमणीनेही तेच चालवलं होतं," कमरजहां म्हणाली. मग जाळीकडे बघत म्हणाली, "बसलीय मात्र घट्ट."

जैनबने जाळीला चिमणीपुरतं भोक पाडलं. मला पुन्हा तिरपं टांगलं. त्याला आता तीन वर्षं झाली. कुणी आलं नाही. या गल्लीत आता येणारं कुणी उरलेलंच नाही.

मित्रांनो, लेकरांना जपा, जाळ्याही लावा. पण आधी स्टुलावर चढून सांदीकोपऱ्यात डोकवा. पिल्लं दिसली, तर जाळीवाल्याला सांगा, पंधरा दिवसांनी ये. तो नक्की येईल.