एका दप्तराच्या तीन जाहिराती

मित्रांनो, मी जाहिरात कंपनीतला एक जुना पांढरा फळा आहे. कारखान्यात माझ्या अंगावर गुळगुळीत मुलामा चढला, चारही बाजूंनी चौकट बसली आणि मी थेट मीटिंगच्या खोलीत भिंतीवर जाऊन बसलो. सकाळी अंगभर शाई, संध्याकाळी पुसून लख्ख. माझे मजेत चालले होते.

एके दिवशी दप्तरे बनवणाऱ्या कारखान्याच्या मालकीणबाई आल्या. चेहरा पार उतरलेला. त्यांच्या एकाच दप्तराची जाहिरात तीन वेगवेगळ्या कंपन्या करत होत्या. टीव्हीवरची फिल्म सांगे, "सर्वांत मजबूत!" रस्त्यावरचा फलक म्हणे, "सर्वांत देखणं!" मोबाइलवर झळके, "सर्वांत हलकं!"

"दुकानदार विचारतात, बाई, तुम्ही नक्की विकता तरी काय?" त्या म्हणाल्या. "खप असाच घसरला तर शिवणकामाचा एक विभाग बंद करावा लागेल. चाळीस बायका आहेत तिथे."

त्यांनी आमच्या कंपनीच्या मॅडमना या सगळ्या जाहिरातींच्या प्रमुख नेमले. म्हणजे त्या तिन्ही कंपन्यांनी आपापले काम करायचे, पण सगळ्यांची मोट बांधायची ती मॅडमनी.

पहिल्याच मीटिंगला जुंपली! फिल्मवाले दादा उसळले, "माझा हत्ती दप्तरावर उभा राहतो. त्याला आता खाली उतरवू?" फलकवाल्या ताई आणि मोबाइलवाले भाऊही हटेनात. प्रत्येक जण दुसऱ्याचे वाक्य पुसून आपले लिही. माझा जीव मेटाकुटीला आला.

नमुने घेऊन आलेले शिवणमास्तर कोपऱ्यात गप्प बसले होते. मॅडम त्यांच्याकडे वळल्या. "मास्तर, पट्ट्यात ही जाड गादी कशासाठी?"

मास्तर संकोचले. "माझी मुलगी शाळेतून आली की खांदा चोळत बसायची. म्हणून तिच्या दप्तराला घालून पाहिली. मग सगळ्याच दप्तरांना घालायला लागलो."

मॅडमनी मला स्वच्छ पुसले आणि मधोमध लिहिले, 'खांदा दुखणार नाही.'

"आणि माझा हत्ती?" दादांनी हिरमुसून विचारले.

"राहू दे की! फक्त दप्तर त्याच्या पाठीवर द्या. नाचत शाळेत जाऊ दे."

दादा खो खो हसले. शाळा उघडल्या तेव्हा फिल्म, फलक आणि मोबाइल एकच गोष्ट सांगत होते. दप्तरे हातोहात खपली. विभाग चालू राहिला. मालकीणबाई मुद्दाम सांगायला आल्या आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "या फळ्याचा पायगुण चांगला!" मला पाय नाहीत, तरी मी फुलून गेलो.

पुढे त्या खोलीत मोठी स्क्रीन आली आणि मी जिन्याखाली गेलो. कोणीतरी माझ्यावर न पुसल्या जाणाऱ्या शाईने 'रंग ओला आहे' असे लिहिले. जिन्याचा रंग दुसऱ्याच दिवशी वाळला. मी मात्र दोन वर्षे तेच सांगत उभा होतो! शेवटी मॅडमनीच मला ओळखले, घासूनपुसून ऑफिसच्या पाळणाघरात लावले.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. मला मऊ फडक्याने पुसा, आणि माझ्यावर काही काढाल तेव्हा शेजारच्यालाही थोडी जागा द्या. आज सकाळी एका मुलीने घर काढले, तर एका मुलाने त्याला शेपटी जोडली. दोघे कडाकडा भांडले, मग दोघांनी मिळून त्या घराला चार पाय काढले. आता ते घर कुठे निघाले आहे, ते मलाही पाहायचे आहे. इतक्यात पुसू नका हं!