आठ हजार पाहुणे

दिराने तीन दिवसांचा कोर्स केला आणि चौथ्या दिवसापासून तो सल्ले देऊ लागला. त्याआधी त्याने विम्याचे सल्ले दिले होते, त्याआधी आहाराचे, आणि मध्ये काही महिने श्वास कसा घ्यावा याचे. विषय बदलत, आवाज तोच. आता त्याच्या कार्डावर ‘डिजिटल वाढ मार्गदर्शक’ असं सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं आणि खाली त्याच्या वेबसाइटचा पत्ता होता. ती उघडली की एकच ओळ दिसायची: काम चालू आहे. ते काम गेलं दीड वर्ष चालूच होतं.

वहिनीची वेबसाइट मात्र खरी होती. वहिनीच्या नवऱ्याचं चेन दुरुस्तीचं दुकान होतं. बॅगा, जॅकेटं, तंबू, जे येईल ते. जागा जिन्याखालची, दोन माणसं बसली की तिसऱ्याने बाहेर उभं राहून बोलायचं. ती इमारत आता पाडणार होते. मालकाने मागच्या नव्या इमारतीत एक गाळा देऊ केला होता, पण महिनाअखेरपर्यंत सही केली तरच. तिथे वर्दळ कमी असणार हे दिसतच होतं. म्हणून सव्वा वर्षापूर्वी पाडायची पहिली नोटीस आली त्याच आठवड्यात वहिनीने कंबर कसली आणि टपालाने रनर विकायची वेबसाइट काढली. रनर म्हणजे चेनवर सरकतो तो तुकडा. बहुतेक वेळा चेन बिघडलेलीच नसते, रनर झिजलेला असतो, आणि लोक अख्खी बॅग फेकून मोकळे होतात. अशा लोकांची वहिनीला कीव कमी यायची, चीड जास्त.

खर्च म्हणावा तर वेबसाइटच्या नावाचं वर्षाचं भाडं. फोटो ती जुन्या फोनने काढायची, खिडकीपाशी, पांढऱ्या ताटलीत रनर ठेवून. रोज दुपारी जेवण झालं की लिहायला बसायची, चार दिवसांत एक पान पुरं व्हायचं आणि एका पानावर एकच दुखणं: ‘चेन लागते पण मागून उघडते.’ ‘रनर एका बाजूने निसटला.’ गिऱ्हाइकं दुकानात ज्या शब्दांत रडगाणं गायची तेच शब्द ती जसेच्या तसे वर टाकायची, कारण घरी बसून शोधणारा माणूसही तेच टाइप करतो. आणि प्रत्येक पानाच्या सुरुवातीला असायचं: आधी पक्कड घेऊन रनरच्या दोन्ही कडा हलक्या हाताने दाबून बघा. चेन लागली तर काहीही विकत घेऊ नका.

पहिल्या महिन्यात अकरा जण आले. त्यात नऊ वेळा ती स्वतःच होती. तिसऱ्या महिन्यात दिवसाला चार. मग डोंगरात तंबू ठोकून राहणाऱ्या एका मंडळाने तिचं तंबूचं पान आपल्या सभासदांना दाखवलं आणि आकडा वीसवर गेला. सव्वा वर्षाने रोज साठ माणसं येत होती. त्यातली दोन-तीन मागणी नोंदवायची. वहिनीला आता आकड्यांमागची माणसंही कळायला लागली होती. सोमवारी सकाळी गर्दी व्हायची, कारण रविवारच्या सहलीत बॅगा फाटायच्या. शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात दप्तरं यायची.

नवरा हातांचा जादूगार, पण या प्रकाराकडे त्याने कधी ढुंकून बघितलं नव्हतं. “तुझं ते चालू दे,” असं म्हणायचा, लहान मुलाला चित्र काढायला बसवावं तसं.

“साठ?” दीर पहिल्यांदा ऐकून खो खो हसला होता. “वहिनी, साठ माणसं तर लिफ्टच्या रांगेत असतात! ट्रॅफिक म्हणजे हजारांत बोलायचं. आणि हे काय, विकत घेऊ नका? गिऱ्हाईक दारात आलं की तुम्हीच त्याला परत पाठवता?”

“परत येतात ते, भाऊजी.”

“कशावरून?”

“येतात म्हणून.”

दिराने नाक मुरडलं. तिच्या पानांवरच्या फोटोंत तिची नखं दिसत होती, त्यांत ग्रीस होतं. ते त्याला फार लागलं. “ब्रँड असा दिसतो का?” असं विचारून त्याने ब्रँड कसा दिसतो यावर पाऊण तास अक्कल पाजळली. वहिनी तेवढ्या वेळात अठरा पाकिटं चिकटवून मोकळी झाली.

गाळ्याच्या सहीची मुदत होती त्याच महिन्यात वहिनीच्या बहिणीचं ऑपरेशन निघालं. वहिनी आठ दिवस तिच्याकडे गेली. जाताना नवऱ्याला दोनच गोष्टी सांगितल्या. पाकिटं रोज टपालात टाका, आणि गाळ्यावर सही करून या. “अजून दोन वर्षं तरी गाळा लागेल. साइटवर घर चालायला तेवढा वेळ जाईल. विसरू नका.”

“विसरतो कसा?” नवरा म्हणाला.

ती परतली तेव्हा टेबलावर केक होता. केकवर लिहिलं होतं: ८०००. दीर दारातच हात पसरून उभा. नवरा मागे, ओशाळल्यासारखा आणि खूश, दोन्ही एकदम. भावाने पासवर्ड मागितला आणि त्याने देऊन टाकला होता. भावाला नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नव्हतं.

“दिवसाला आठ हजार, वहिनी! सहा दिवसांत! तुम्ही सव्वा वर्ष काय करत होतात?”

वहिनीने चप्पल काढायच्या आधी फोन उघडला. तिची एकशे बारा पानं गेली होती. त्या जागी एकच लांबलचक पान होतं. वर कुणीतरी गोरीगोमटी बाई लॅपटॉपकडे बघून दात काढत होती. त्या बाईने आयुष्यात रनर हातात धरला नसणार. खाली लाल चौकोन उड्या मारत होता: आजच खरेदी करा. पक्कड गायब. ताटली गायब. तंबूवाल्यांच्या मंडळाकडून कुणी आलं तर त्याला दिसत होतं: हे पान अस्तित्वात नाही.

आणि आठ हजार? सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, तासाला बरोबर हजार. नोकरीवर आल्यासारखे. प्रत्येक जण शून्य सेकंद थांबलेला. रविवारी तेवढेच, सोमवारी तेवढेच. माणसं अशी येत नाहीत. माणसं उशिरा येतात, चुकीच्या पानावर जातात, मध्येच दूध उतू जातं म्हणून उठून जातात.

“विकत घेतलेत ना हे?” तिने विचारलं.

“गुंतवणूक म्हणतात त्याला,” दीर म्हणाला. “सगळे करतात.”

“मागण्या किती आल्या?”

“आधी ट्रॅफिक, मग मागण्या. फनेल असतं, वहिनी. तुम्हाला समजावतो सावकाश.”

“किती आल्या?”

दिराने आपल्या दादाकडे बघितलं. दादाने केककडे बघितलं. एकही आली नव्हती.

वहिनी खाली बसली. सव्वा वर्षाच्या साऱ्या दुपारी या माणसाने सहा दिवसांत धुऊन टाकल्या होत्या, आणि वर केक आणला होता. तिला ओरडावंसं वाटलं, पण ओरडायला दम लागतो. मजकूर ती आधी वहीत लिहायची, त्यामुळे पानं पुन्हा टाकता आली असती. पण ज्या वाटांनी माणसं तिच्यापर्यंत पोचायची त्या वाटा पुन्हा पडायला परत तेवढेच महिने. म्हणजे आता सगळी भिस्त गाळ्यावर. “बरं झालं,” ती नवऱ्याला म्हणाली, “निदान सही करून आलात.”

नवऱ्याने केकची सुरी उचलली आणि परत ठेवली. विषय टाळण्याच्या त्याच्या बऱ्याच तऱ्हा होत्या. पंचवीस वर्षांच्या संसारात वहिनीला सगळ्या पाठ होत्या. ही त्यांतली नव्हती.

“सोडला,” तो शेवटी म्हणाला. “गाळा सोडला. रोज आठ हजार येतात म्हटल्यावर... तो शेजारचा किल्लीवाला मागे लागला होता. त्याला दिला मालकाने.”

“दादाला मीच म्हटलं,” दीर घाईघाईने म्हणाला, “धंद्यात मागे बघायचं नाही.”

वहिनी दुसऱ्या दिवशी मालकाकडे जाऊन आली. मालकाने काखा वर केल्या. किल्लीवाल्याने सही केली होती आणि तो तिथे फळ्याही ठोकत होता. त्याने वहिनीला बघून हातोडी खाली ठेवली आणि पाणी विचारलं, तेच तिला जास्त लागलं.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्यासमोर तोंड उघडलं. “मला गाळ्याचा राग नाही. म्हणजे आहे, पण तो नंतर. साठ माणसं येत होती तेव्हा तुम्ही एकदा तरी येऊन बघितलंत? एकदा? मी सांगत होते तर ते चित्र काढणं. आणि भावाने येऊन आठ हजार भुतं दाखवली तर तुम्ही पोटापाण्याची जागा देऊन आलात.”

नवऱ्याने भावावर ढकलायचा प्रयत्नही केला नाही, आणि तेवढं एक त्याने बरं केलं.

पंधरा दिवसांनी दुकान रिकामं झालं. शिलाईचं यंत्र, पकडी, रनरचे डबे सगळं घराच्या बाहेरच्या खोलीत आलं. पलंगाखाली धातूच्या चेन, कपाटावर प्लॅस्टिकच्या. जुनी गिऱ्हाइकं पत्ता विचारत येत, निम्मी येतच नसत. वहिनीने विकतची भुतं पहिल्याच दिवशी बंद केली होती. आता ती रोज दुपारी पुन्हा एकेक पान चढवत होती. तंबूवाल्या मंडळाला तिने पत्र लिहिलं, पान परत आलंय, चूक आमची. ‘आमची’ लिहिताना तिचे दात घट्ट आवळलेले होते.

अशात दीर उगवला. नवीन शर्ट, हातात फोल्डर. एका हॉलमध्ये त्याचं स्वतःचं शिबिर होतं, प्रवेश फी लावून. त्याला पडद्यावर दाखवायला वहिनीच्या वेबसाइटचा आलेख हवा होता. साठवरून एकदम आठ हजारावर गेलेली ती उभी रेघ.

“नाव नाही सांगणार,” तो म्हणाला. “फक्त ‘एक गृहिणी’ म्हणेन. लोकांना प्रेरणा मिळते, वहिनी. फक्त तेवढे सहा दिवस दाखवायचे. पुढचं कापतो मी.”

वहिनीने जिभेवर आलेलं पहिलं वाक्य गिळलं, कारण ते फार छोटं होतं आणि त्याच्या आईचा त्यात काही दोष नव्हता. दुसरं ती जुळवत होती तेवढ्यात यंत्र थांबलं.

“आलेख मिळणार नाही,” नवरा म्हणाला.

“अरे दादा, फक्त सहा दिवसांचा—”

“ती साठ माणसं हिची होती. तू त्यांना हाकललंस. दाराची किल्ली मी दिली, ते माझं मी बघतो. तू निघ.”

दीर हसायचा प्रयत्न करत दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. कुणी हसेना म्हणून त्याने फोल्डर बगलेत मारलं. जाताना “तुम्हाला मोठा विचारच करायचा नाही” एवढं जिन्यावरून ऐकू आलं. शिबिर झालंच. दिवे लावायचे ते त्याने लावले, दुसऱ्या कुणाचा तरी आलेख दाखवून.

वहिनीला नवऱ्याच्या शौर्याचं कौतुक वाटायला हवं होतं. वाटलं नाही. महिन्यापूर्वी हेच वाक्य बोलला असता तर गाळा हातात राहिला असता.

तो यंत्रावरून उठला, हात पुसले आणि तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. स्टूल ओढलं. बसला. चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

“आज किती आले?”

“सात.”

ती पुढच्या वाक्याची वाट बघत होती. ‘फक्त सात?’ किंवा ‘चालू दे तुझं.’ दोन्हींना उत्तर तयार होतं, आणि ते चांगलंच झोंबणारं होतं.

“कोण कोण?” त्याने विचारलं.

हा प्रश्न विचारायला या माणसाला एक अख्खा गाळा घालवावा लागला होता, आणि ते ती इतक्यात विसरणार नव्हती. मग तिने फोन त्याच्याकडे वळवला. “एकाचा तंबू आहे, मोठ्या दातांची चेन, रनर अर्ध्यात अडकलाय. फोटो पाठवलाय त्याने. दाबून सुटेल की नवा लागेल?”

नवऱ्याने फोटो जवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ धरला.

“दाबून सुटेल,” तो म्हणाला. “त्याला लिही, विकत घेऊ नको म्हणावं.”