बाहेरच्या रांगेतला सदतीस

मी पितळेचा बिल्ला बोलतोय. रुपयाएवढा गोल, वरती एक भोक, अंगावर सदतीस हा आकडा. मला कुणी छातीवर मिरवलं नाही. माझी जागा फळ्यावर होती.

घोडदळाच्या एका तुकडीबरोबर मी वर्षभर परदेशात होतो. नाव घोडदळ, पण घोडा औषधालाही नव्हता. होत्या त्या चिलखती गाड्या. छावणीच्या फाटकाशी एक खोली, खोलीत लाकडी फळा, फळ्यावर खिळ्यांच्या दोन रांगा. वरची 'आत', खालची 'बाहेर'. गस्तीला निघताना ज्यानं त्यानं आपला बिल्ला खाली लावायचा, परतल्यावर वर. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही, असा दंडक होता. रेडिओपाशी बसणारा कारकून फळा पाहूनच सांगायचा, कोण कुठे आहे ते.

माझा मालक गाडी चालवायचा. आचाऱ्याशीसुद्धा वाद घालायचा, म्हणून सगळे त्याला वकील म्हणत. त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा त्याच तुकडीत, तोही चालकच. वकील त्याला भाऊजी म्हणे, म्हणून सगळी तुकडीच भाऊजी म्हणू लागली.

"मला एक मेव्हणा जड होता," भाऊजी म्हणत, "सरकारनं शंभर दिले."

सात महिने मी खाली गेलो, वर आलो. धूळ, ऊन, पुन्हा धूळ. सांगण्यासारखं काही नाही.

आठव्या महिन्यात वकिलाची दाढ सुजली.

"तू दाढ काढून ये. तुझी फेरी मी मारतो," भाऊजी म्हणाले.

"पण भाऊजी, पाळी माझी आहे. नियमानं..."

"वकीलसाहेब, तोंड उघडत नाही तोवर तरी आम्हाला सुख द्या."

भाऊजी खोलीत आले. पाळ्यांच्या कागदावर वकिलाच्या गाडीपुढे सदतीस लिहिलेलं होतं. पाळी सदतीसची, म्हणून त्यांनी मला उचललं आणि खाली लावलं. त्यांचा स्वतःचा बिल्ला वरच राहिला. कारकून तेव्हा रेडिओवर बोलत होता. त्यानं मान वर केली नाही.

दुपारी गाडी सुरुंगावर गेली. मागचे दोघे बेशुद्ध सापडले. चालकाच्या जागी ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. कारकुनानं फळा पाहिला. वकिलाच्या घरी फोन गेला.

दीड तासानं वकील दवाखान्यातून आला, गालात कापूस धरून. फळ्यापुढे थांबला.

"माझा बिल्ला बाहेर कुणी लावला?"

कारकून उठून उभा राहिला. 

घरी काय झालं ते मला नंतर कळलं. वकील ते कारकुनाला सांगत होता, तेव्हा मी त्याच्या मुठीत होतो. पहिल्या फोननंतर वकिलाची ताई दोन गल्ल्या धावत माहेरी आली आणि आईला धरून बसली. दुसरा फोन आईनंच घेतला. "तुमचा मुलगा सुखरूप आहे," पलीकडून सांगितलं. आई म्हणाली, "देवा, वाचवलंस रे." ताईचं डोकं तिच्या खांद्यावर होतं. मग पुढचं वाक्य आलं. गाडीत जावई होते. ताईनं डोकं उचललं आणि ती आपल्या घरी निघून गेली.

उरलेले चार महिने मी पुन्हा खाली-वर केलं. तुकडीत नंतर कुणी कुणाला नात्यानं हाक मारली नाही.

परतल्यावर वकील ताईकडे गेला. भाऊजींचं सामान आधीच पोचलं होतं. त्यातला बिल्ला ताईनं त्याच्यापुढे ठेवला.

"हा नको मला. हा आतच होता. त्यांनी हात लावला तो दे."

वकिलानं वाद घातला नाही. तेव्हापासून मी ताईच्या स्वयंपाकघरात, किल्ल्यांशेजारी आहे.

आईनं मात्र त्या फोनपासून या घरात पाऊल टाकलं नव्हतं. ताईनं बोलावलं नव्हतं. गेल्या आठवड्यात ती न बोलावता आली आणि खुर्चीच्या कडेवर बसली. ताईनं तिच्यापुढे चहा ठेवला.

"त्या दिवशी माझ्या तोंडून जे गेलं..."

"चहा घे आई. गार होतोय."

"ऐक तरी. मी देवाचं नाव घेतलं. तू जवळ असताना."

ताई ओट्याशी पाठमोरी उभी होती. बराच वेळ तिनं एकच कप धुतला.

"मलाही बरं वाटलं होतं," ती म्हणाली. "भाऊ वाचला म्हणून. पुढचं वाक्य येईपर्यंत."

आई खुर्चीत नीट मागे सरकून बसली आणि तिनं तो गार चहा संपवला. ताईनं तिच्या हातातून कप घेतला आणि तोही धुतला.

माझ्यावर आता हिरवट डाग पडू लागलेत. या घरात येणाऱ्यांना माझं एकच मागणं आहे. चांगल्या मनानंसुद्धा मला घासूपुसू नका.